आधी कोण उजाडलं?

शुक्रवारी दुपारी चार वाजता टेपखोलीतल्या काकांनी 'उजाडलं' या सकाळच्या कार्यक्रमाच्या पहिल्या भागाची टेप यंत्रात घातली, आणि पडद्यावर समोरच्या वाहिनीचा सूत्रसंचालक दादा उगवला.

निर्माते खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"काका, हा कोण?"

"समोरचा दादा," काका म्हणाले. "तेव्हा मिशी होती त्याला."

"ते दिसतंय मला! आपल्या टेपमध्ये काय करतोय तो?"

"सुप्रभात म्हणतोय."

काकांनी या खोलीत पंचवीस वर्षं काढली होती. कुणी ओरडलं की ते चष्मा काढून पुसत. आताही टेप तिथेच थांबवून त्यांनी तेच केलं. मग डबी पुढे धरली. डबीवर स्वच्छ छापलेलं होतं : 'उजाडलं, भाग पहिला'.

"मग आपला भाग कुठंय?"

"आपला टेपवर उतरवलाच नव्हता, साहेब. उतरवायचं यंत्र एकच होतं. मी मोठ्या साहेबांना, म्हणजे मालकांना विचारलं, आपलं उतरवू का त्यांचं? ते म्हणाले, आपलं कशाला, आपलं आपल्याला पाठ आहे. शत्रूवर नजर ठेवा. म्हणून त्यांचं उतरवलं."

"आणि डबीवरची चिठ्ठी?"

"त्या आधीच छापून आल्या होत्या. वाया कशाला घालवायच्या?"

"म्हणजे या सगळ्या..." निर्मात्यांनी कपाटांच्या रांगांकडे बोट केलं.

"नऊ हजार एकशे तेहतीस," काका अभिमानानं म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही. सगळा दादाच आहे."

आता निर्मात्यांच्या तोंडचं पाणी का पळालं, हे कळायला थोडं मागं जावं लागेल. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वाहिन्या. अलीकडे 'उजाडलं', पलीकडे 'जाग आली का?'. दोन्ही कार्यक्रम एकाच सोमवारी, सकाळी सात वाजता सुरू झाले. दोन्हीकडच्या मालकांनी त्याच दिवशी छाती पुढे काढून सांगितलं की पहिले आम्हीच. झालं, तेव्हापासून जी जुंपली ती जुंपलीच. समोरच्यांनी वेळ सातावरून पावणेसात केली. आपण साडेसहा केली. त्यांनी सव्वासहा, आपण सहा, असं करत करत दोघंही पहाटे पाचला पोचले. मग एके दिवशी झोपेचं महत्त्व सांगायला आलेले डॉक्टर सांगता सांगता आपल्या सूत्रसंचालक ताईंच्या खांद्यावर घोरायला लागले, तेव्हा कुठे दोन्ही कार्यक्रम गुमान सातावर परत आले.

मग सोफ्यांची लढाई झाली. आपला तिघांचा होता, त्यांनी पाच जणांचा आणला. आपण सात जणांचा आणला. त्यावर दोन टोकांना बसून पाहुणा आणि ताई एकमेकांशी ओरडून बोलायचे. त्यांनी हवामान सांगायला पोपट ठेवला, तर आपण शेळी आणली. तिनं दुसऱ्याच दिवशी हवामानाचा नकाशा खाल्ला, उत्तरेकडून सुरुवात करून. असो. मोठी माणसं कामाला लागली की असंच व्हायचं.

आणि आता पंचवीस वर्षं पूर्ण. महिन्यापूर्वी एका बक्षीस समारंभात दोन्ही मालक शेजारी बसले, ही ज्यानं कुणी खुर्च्या लावल्या त्याची चूक. "पहिले आम्ही", "हॅट, पहिले आम्ही" करत पैज लागली. शनिवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी दोघांनीही आपापला पहिला भाग दाखवायचा. आधी कोण सुरू झालं ते जगाला कळू दे. जो हरेल त्याच्या सूत्रसंचालकानं तिथल्या तिथे उठून, रस्ता ओलांडून, दुसऱ्याच्या सोफ्यावर चहा नेऊन द्यायचा.

मालकांचं काय जातंय? चहा ताई नेणार होत्या.

त्याच ताई आता टेपखोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. निर्मात्यांनी झडप घालून यंत्र बंद केलं. दादा 'सुप्रभात'च्या पुढे जेमतेम दोन शब्द बोलला होता.

"सापडली का माझी टेप?" ताईंनी विचारलं.

"सापडली की! म्हणजे काय, आहेच!" निर्माते म्हणाले.

"काका?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"ऐका सर," ताई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मी साडेतीनला उठतेय. घरातलं एकही लग्न मी धड जागेपणी पाहिलेलं नाही. माझी लेक लहानपणी शाळेत सांगायची, आमची आई टीव्हीत राहते. हे सगळं केलं, कारण पहिली मी होते. तेवढं एकच माझं आहे. उद्या त्या माणसाला चहा नेऊन द्यायची वेळ आली ना, तर परवापासून या सोफ्यावर तुम्ही बसा नाहीतर शेळी बसवा. मी बसणार नाही."

ताई गेल्या. निर्माते खाली बसले. ताईंशिवाय 'उजाडलं' म्हणजे नुसता सात जणांचा सोफा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना खरंच रडू येत होतं.

"साहेब," काका म्हणाले, "एक सुचतंय. समोरचेही आपल्यासारखेच आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्यासारखेच शहाणे आहेत."

निर्मात्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दार लावून घेऊन त्यांनी समोरच्या वाहिनीच्या निर्मातीबाईंना फोन लावला. पंचवीस वर्षांत या इमारतीतून त्या इमारतीत फोन गेला नव्हता. एका मदतनिसानं एकदा खिडकीतून हात हलवला होता, तर त्याला लेखी खुलासा द्यावा लागला होता.

"हॅलो, मी समोरून बोलतोय."

पलीकडून एकदम कुजबुजता आवाज आला, "अहो, मी तुम्हालाच फोन करणार होते! आमच्या पहिल्या डबीतून तुमच्या ताई निघाल्या!"

"आणि आमच्या डबीतून तुमचा दादा!"

"अय्या! मग देता का?"

"तुम्ही द्या, मग देतो."

"वा रे वा! तुम्ही आधी द्या."

पाच मिनिटं याच्यावरच गेली. शेवटी ठरलं की दोघांनी एकदम द्यायचं. पण कुठे? रस्त्यात नको, दोन्ही मालकांच्या खिडक्या रस्त्यावरच उघडतात. सुचली ती कोपऱ्यावरची लाँड्री. दोन्हीकडचे कपडे तिथेच इस्त्रीला जात, आणि ही गोष्ट दोन्ही मालकांना माहीत नव्हती. दादांच्या कोटाच्या पिशवीत आपण टेप ठेवायची, ताईंच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात त्यांनी. सकाळी सहाला दुकान उघडलं की आपापले कपडे न्यायचे. कुणाच्या बापाला कळणार नाही.

बेत झकास होता. फक्त लाँड्रीवाल्याला कुणी सांगितलं नाही.

शनिवारी सहा वाजता काका दुकानात पोचले तेव्हा लाँड्रीवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. समोर फळीवर दोन टेपा.

"हे कपड्यांत काय निघालं? इस्त्री फिरवली असती तर? धंदा बसला असता माझा!"

"चुकून राहिलं. द्या ती ताईंची."

"ताईंची कुठली? दोन्हींवर 'भाग पहिला' लिहिलंय. दोन्ही सारख्याच काळ्या."

तेवढ्यात समोरच्या निर्मातीबाई धापा टाकत आल्या. मग दोघांनी मिळून डब्या निरखल्या. 'उजाडलं' लिहिलेल्या डबीत दादा, आणि 'जाग आली का?' लिहिलेल्या डबीत ताई. काकांना हे पाठ होतं, बाईंनाही पाठ होतं, पण लाँड्रीवाल्यानं टेपा डब्यांतून काढून फडक्यानं पुसल्या होत्या. आता कोणती कुठल्या डबीतली, ते त्यालाही आठवेना. डोक्यावर हात मारून काका दोन्ही टेपा घेऊन यंत्राकडे पळाले, बाईही मागोमाग पळाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या शत्रूच्या इमारतीत शिरत होत्या. मोठ्या साहेबांनी जिन्यात पाहू नये म्हणून त्यांनी ताईंचे इस्त्रीचे कपडे डोक्यावर धरले होते.

जुनं यंत्र तापून सुरू व्हायलाच अर्धा तास लागला. सहा सत्तावन्नला पहिली टेप सुरू झाली. दादांची मिशी दिसली. बाईंनी ती टेप ओढून घेतली आणि कपडे तिथेच टाकून धूम ठोकली. दुसरी टेप बघायला वेळच नव्हता. ही मिशीची, म्हणजे ती ताईंची, असा साधा हिशेब करून काकांनी ती नियंत्रण कक्षात नेली.

"पाहिलीत ना?" निर्मात्यांनी विचारलं.

"ताईंचीच आहे," काका म्हणाले. ते खरंही होतं.

सात वाजले. मोठे साहेब खास कोट घालून नियंत्रण कक्षात येऊन बसले. ताई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. बाजूच्या छोट्या पडद्यावर, नेहमीसारखी नजर ठेवायला, समोरचा कार्यक्रम बिनआवाजाचा चालू होता. तिथे दादा घाम पुसत होते.

"आणि आता," ताई म्हणाल्या, "पहिलं कोण ते तुम्हीच ठरवा."

सात वाजून पाच. टेप लागली. पंचवीस वर्षांपूर्वीची ताई दिसली. दोन वेण्या, मोठे डोळे, हातात कागद.

"सुप्रभात," ती पोरगी म्हणाली. "मला फार भीती वाटतेय. समोरच्या वाहिनीवर एक दादा आमच्या आधीच सुरू झालेत. मी इथून त्यांनाच बघत होते. त्यांना बघून धीर आला. पहिला मान त्यांचा. आम्ही त्यांच्या मागून आलो आहोत, आम्हालाही सांभाळून घ्या."

मोठ्या साहेबांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला.

"बंद करा! बंद करा ते!"

"साहेब, आता काय उपयोग? गेलं ते घरोघरी," निर्माते रडवेल्या आवाजात म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांची नजर छोट्या पडद्यावर गेली. तिथे मिशीवाला दादा बोलत होता, आणि आताचे दादा कपाळाला हात लावून बसले होते. निर्मात्यांनी आवाज मोठा केला.

"...समोरच्या ताई आमच्याही आधी आल्या," मिशी सांगत होती. "मी त्यांना बघूनच बसलोय इथे. नाहीतर पळून जाणार होतो. पहिल्या त्याच."

झालं होतं असं की त्या सोमवारी सात वाजायच्या आधी दोन्ही वाहिन्यांनी चाचणी म्हणून आपापली तालीम दाखवली होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांना वाटलं, समोरचा सुरू झाला. पोरं नवखी होती, जे वाटलं ते बोलून मोकळी झाली. आणि जिंकायचा पुरावा पंचवीस वर्षं ज्याच्या त्याच्या कपाटात पडून होता. तो दोघांनीही, एवढी धावपळ करून, आजच सकाळी शत्रूच्या हाती दिला होता.

"काका!" निर्माते ओरडले. "आपल्याकडे होती ती दादाची टेप पुढे का नाही बघितली?"

"तुम्हीच बंद केलीत, साहेब," काका म्हणाले.

इकडे सोफ्यावर ताई उठल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"किती गुणी होती हो ती मुलगी," त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या. मग त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेला चहाचा ट्रे उचलला. "पैज म्हणजे पैज."

"ताई, थांबा! समोरचाही हरलाय!" निर्माते काचेमागून ओरडले. पण काच कसली जाड! ताई चालू लागल्या. कॅमेरेवाला मागे धावला, दारापाशी त्याची वायर संपली आणि तो तिथेच अडकला. छोट्या पडद्यावर निर्मात्यांनी पाहिलं, तर पलीकडेही सोफा रिकामा होता. पोपट तेवढा 'ढगाळ, ढगाळ' म्हणत होता.

निर्माते आणि काका जिने उतरून धावले. रस्त्याच्या बरोब्बर मधोमध ताई आणि दादा समोरासमोर उभे होते. दोघांच्या हातात ट्रे.

"कुठे निघालात?" दादांनी विचारलं.

"तुमच्याकडे. हरले मी."

"अहो, हरलो तर मी आहे!"

मागे दोन रिक्षा आणि एक दूधवाला थांबला.

"बिनसाखरेचा आणलाय," दादा म्हणाले. "मागच्या वर्षी साखर सोडलीत ना तुम्ही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रोज बघतो की. नजर ठेवायला लावलंय आम्हाला."

"मीही बघते," ताई म्हणाल्या. "तुमचा गुडघा कसा आहे? मंगळवारी उठताना कळवळलात. मला फार वाईट वाटलं."

"बरा आहे आता. घ्या, निवेल चहा."

"तुमचाही निवतोय. आधी तुम्ही."

"छे छे, असं कसं? आधी तुम्ही."

"नाही हो, मान तुमचा. आधी तुम्ही."

गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. दोघंही हटेनात. वाहतूक पोलीस आला, त्यालाही दोघांनी आधी समोरच्याची बाजू ऐकायला सांगितलं. तो वैतागून दोन्ही ट्रेमधला एकेक कप पिऊन निघून गेला.

ताई परत आल्या तेव्हा निर्मात्यांनी भीत भीत विचारलं, "ताई, उद्या..."

"चहा त्यांच्या सोफ्यावर पोचला का?" ताई पदरानं डोळे टिपत हसल्या. "नाही ना? मग उद्या सात वाजता."

निर्मात्यांनी आनंदानं काकांनाच मिठी मारली. त्या दिवशी दोन्ही रिकामे सोफे आजवरच्या कुठल्याही भागापेक्षा जास्त लोकांनी पाहिले, असं दुपारी कळलं. मोठे साहेब खुशीत आले. संध्याकाळी पाच वाजता त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रक पाठवलं : 'भर रस्त्यात "आधी तुम्ही" असं सर्वांत आधी आमच्या ताई म्हणाल्या, याची नोंद घ्यावी.'

समोरच्यांचं पत्रक पावणेपाचलाच गेलं होतं.