डोक्यावरचे तीन प्लॉट

आमच्या बबनअण्णांच्या टकलाचे तीन प्लॉट पाडलेत. डावीकडं पीआरपी, उजवीकडं जीएफसी, आणि मधे कपाळापासून शेंडीपर्यंत चार बोटांची पट्टी कोरी. त्या कोऱ्या पट्टीला अण्णा 'कंट्रोल' म्हणतात. मी फेकत नाहीये. दर सोमवारी सकाळी दहाला स्टुलावर चढून तिन्ही प्लॉटचे फोटो मीच काढतो. अण्णा टोपी काढतात, मान खाली घालतात आणि हुकूम सोडतात, "सावली पडू दिऊ नको. पिकाचा फोटू हाय."

शेवगावात माझं मोबाईलच्या कव्हरचं दुकान. शेजारी अण्णांचं बियाणं-खताचं. मला नकलांची खोड शाळेपासून. पोस्टमन जमतो, हेडमास्तर जमतात, पण दुकानासमोर चार टाळकी जमली की फर्माईश एकच, "पप्या, अण्णा लाव."

अण्णा लावायला सोपे. पोट पुढं, एक डोळा बारीक, आणि म्हणायचं, "समदं खरं हाय रं, पण कंट्रोल कुठंय?"

हे खूळ धंद्यातलं. औषधाच्या कंपनीचा पोरगा खांद्याएवढ्या कपाशीचा फोटो घेऊन आला, की अण्णा चष्मा लावून बघणार, मान डोलावणार आणि मग विचारणार, "आन ज्या सरीला तुजं औषिद मारलं न्हाई, ती दाव." पोरगा निम्मा तिथंच आडवा. एकदा मी सांगितलं, हळदीचं दूध पिऊन माझा खोकला गेला. अण्णा म्हणाले, "न पिता गेला नसता कशावरनं?" स्टँडवर नवीन चहावाला आला, तर हे जुन्याकडून एक कप हातात घेऊनच त्याच्याकडं गेले. दोन्हींचा एकेक घोट घेऊन म्हणाले, "आधी चार सऱ्या, मग शिवार." बिचाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक शिव्या घालतंय.

आता असा माणूस केसांच्या मागं का लागावा? तोवर मी अण्णांना टोपीशिवाय कधी बघितलेलंच नव्हतं. टकलाचं सोयरसुतक त्यांना नव्हतं. आणि एके दिवशी हे दुकान बंद करून नगरला स्किनच्या दवाखान्यात. परत पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दवाखान्यात. मग तिसऱ्या. गावाला काय, विषयच पाहिजे. "अण्णाला म्हातारपणी पालवी फुटली," असं सुरू झालं. कुणी म्हणालं, दुसरं लग्न करतोय. त्यात मंदाकाकू, म्हणजे अण्णांची बायको, कित्येक महिने कुठं दिसेना. ना लग्नात, ना हळदीकुंकवाला. गुडघे धरलेत, असं अण्णा सांगायचे. मी नकलेत एक नवा तुकडा घातला: अण्णा आरशासमोर कंगवा घेऊन उभे आणि केस शोधतायत. लई चालला.

अण्णांनी तो स्वतः बघितला. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "कंगवा डाव्या हातात धर. मी डावरा हाय."

दवाखान्यांची गोष्ट ते काउंटरवर बसून सांगायचे. युरिया न्यायला आलेला माणूस गोणीवर बसून पीआरपी शिकून जायचा. "हे बघ, आपलंच रगत काढत्यात. डेअरीत दूध फिरवून साय काढत्यात का न्हाई, तसं मशीनीत फिरवत्यात. वरचं पिवळं पानी घ्यायचं आन सुईनं डोस्क्यात सोडायचं. ही झाली पीआरपी. जीएफसी म्हंजी त्येच, पन गाळून. ह्ये शेणखत, ती स्लरी."

"आन अण्णा, ते एक्सोसोम का काय?" गोणीवरून प्रश्न यायचा.

"त्यात पेशी न्हाई. पेशीनं पेशीला धाडलेला नुस्ता निरोप. लई महाग. एक जन तर म्हनला, तोंडावर माशाचं टोचतो, कातडी तुकतुकीत हुती. म्हनलं, मासा खातो की, टोचायचा कशाला?"

एसीवाल्या दवाखान्यात भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो होते. अण्णांनी विचारलं, "ह्ये दोनी एकाच उजेडात काढलेत का?" तिथून त्यांना चहा न देता वाटेला लावलं. शेवटी एक तरुण डॉक्टर मॅडम भेटल्या. त्या म्हणाल्या, त्या निरोपवाल्या एक्सोसोमचा पुरावा अजून कच्चा आहे, मी करत नाही. बाकी दोन्हींचा गुण येतो, पण सगळ्यांना नाही, आणि डावं-उजवं ठरवणं अवघड. अण्णा खूश. "ही बाई खरं बोलती. मॅडम, मग दोनी लावा, निम्मं-निम्मं. मधी कंट्रोल." मॅडमनी हात जोडले. अण्णा तीन वेळा परत गेले, तेव्हा कुठं कागदावर सही घेऊन त्या तयार झाल्या.

असे सहा महिने गेले. सोमवारमागून सोमवार. डावीकडं लव आली, उजवीकडं लव आली, मधे माळरान.

मग परवा अण्णा म्हणाले, "पप्या, समदे फोटू घेऊन नगरला चल." गाडीत बघतो तर मागं मंदाकाकू. डोक्यावरून पदर गच्च ओढलेला. करंजीचा घाट ओलांडेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी करमणूक म्हणून हेडमास्तर लावले. हसल्या, पण पदर हातातून सोडला नाही.

मॅडमनी फोटो बघितले. म्हणाल्या, दोन्ही बाजूंना थोडा गुण आहे. अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "डावं जरा दाट हाय. माझं ठरलं. आता हिला डावं द्या."

काकूंनी अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पदर मागं घेतला. डोक्यावर रुपयाएवढे तीन गोल होते, गुळगुळीत. कानामागं चौथा, तो मोठा. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"ही चाई आहे," मॅडम म्हणाल्या. "कधीपासून?"

"वरीस झालं," काकू म्हणाल्या. "ह्यांनी तवाच म्हनलं, दवाखान्यात चल. मी म्हनलं, डोस्क्यात सुया? आधी तुमी घ्या, मग मी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अण्णा, तुमचं टक्कल वेगळं, यांचं दुखणं वेगळं. तुमच्या डोक्यावर काय उगवलं, त्यावरून यांचं काहीच कळत नाही. यांना आधी औषधाची बारीक इंजेक्शनं देऊ, त्या गोलांतच. पुष्कळांचे केस परत येतात. पण पहिल्याच दिवशी यांना आणायचं होतं."

जो माणूस काउंटरवर प्रत्येकाला विचारतो, "माती तपासली का?", तो सहा महिने चुकीच्या रानात नांगर धरून होता. आणि सहा महिने गाव हसत होतं, मी हसवत होतो, तरी त्यांनी घरातल्या पदराखालचं बाहेर काढलं नव्हतं.

"माजी मातीच येगळी," अण्णा हळूच म्हणाले. "वाया गेलं समदं."

काकूंनी त्यांना एकच विचारलं, "दुखलं का वो?"

अण्णा खोटं बोलणारे नाहीत. "डावीकडं लई. उजवीकडं लई. मधी काय न्हाई."

काकूंनी पदर परत पुढं ओढला. "मग ऱ्हाऊ द्या. चला घरी. मला कुठं जायाचंय?"

अण्णा उठले. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मॅडमपुढं डोकं वाकवलं. "मॅडम, हिच्या औषधाची ती बारीक सुई घ्या. नुस्तीच. आधी हितं मधी टोचा. हिला बघू द्या."

"अण्णा," माझ्या तोंडून गेलं, "तो कंट्रोल आहे!"

"गप ऱ्हा."

मॅडमनी कोरी सुई उघडली. टोचली. अण्णांनी डोळे मिटले, मग एक उघडून काकूंकडं बघितलं. "मुंगी चावली. तीबी ल्हान."

काकूंना हसू आलं. हसता हसता त्या अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, पदर मागं टाकला आणि त्यांचा हात धरून डोळे मिटून म्हणाल्या, "टोचा."

अण्णांनी वाकलेली मान वर न करता मला हाक मारली. "पप्या, बघतो काय? फोटू काढ. दोघांचा."

त्या दिवशी सोमवार नव्हता. तरी मी तिथल्या स्टुलावर चढलो.