मंत्री मयताला जातात

"मयताला जाण्यात माझा हात धरणारा अख्ख्या आयर्लंडमध्ये सापडायचा नाही!" गाडीत टाय सारखा करत कॉर्मॅक गिल्हूली म्हणाले.

आता ही बढाई म्हणावी, तर तिच्यात तथ्यही होतं. गिल्हूली गावच्या कौन्सिलपासून थेट मत्स्यव्यवसाय मंत्र्याच्या खुर्चीपर्यंत पोचले होते, ते काही भाषणांच्या जोरावर नव्हे. मासे त्यांना ताटातलेच तेवढे ओळखू येत! पण विधवेचा हात दोन्ही हातांत कसा धरावा, दारातल्या म्हाताऱ्यांशी हवापाण्याचं किती बोलावं, हे त्यांच्याकडून शिकावं.

निवडणूक महिन्यावर आली होती. मागच्या खेपेला ते बुडता बुडता वाचले होते. यंदा एखादं मोठं घर जरी बिथरलं, तरी मंत्रिपद गेलंच म्हणायचं.

"साहेब, स्कॅनलनांचं घर नक्की कुठलं?" गाडी चालवणाऱ्या सेक्रेटरी नूलानं विचारलं.

"गाड्या दिसतील तिथं थांब! मयताचं घर काय विचारावं लागतं?"

एका कुंपणाशी गाड्यांची रांग दिसली. नूलानं ब्रेक दाबला, तोवर साहेब दारात!

पुढच्या खोलीत उघडी शवपेटी होती. म्हातारे स्कॅनलन गिल्हूलींनी कधी पाहिले नव्हते, पण असल्या किरकोळ गोष्टींवाचून त्यांचं कधी अडलं नव्हतं. पेटीवर एक हात टेकून त्यांनी मोठा उसासा सोडला आणि दुसऱ्या हातानं विधवेचा हात धरला.

"तुमच्या दुःखात सहभागी आहे, काकू. काय माणूस होता! गेल्याच आठवड्यात गुरांच्या बाजारात मला मिठी मारली. म्हणाले, कॉर्मॅक, जन्मभर तुलाच मत दिलं रे!"

खोलीतल्या सगळ्या माना गर्रकन त्यांच्याकडे वळल्या. त्यातल्या त्यात पेटीतला म्हाताराच काय तो निवांत दिसत होता.

"गेल्या आठवड्यात?" विधवा म्हणाली. "हे तर वर्षभर अंथरुणाला खिळलेले!"

"मनानं आले होते, काकू! मनानं!"

"आणि मत तुम्हाला?" जाड भुवयांचा थोरला मुलगा उठला. "माझ्या बापानं?"

"मतदान गुप्त असतं, बाळा. बापाच्या पोटातलं पोराला काय कळणार?"

पोरानं बाह्या सरसावल्या. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नूला आली आणि कानाशी कुजबुजली, "साहेब, स्कॅनलन पुढच्या वळणावर! हे पॅकी डोनेलन. दर निवडणुकीत तुमच्याविरुद्धचा प्रचार हेच चालवायचे. पेटीवर हात टेकलाय त्याखालचा झेंडा तरी बघा!"

झेंडा विरोधी पक्षाचा होता. गिल्हूलींनी तापल्या तव्याला लागल्यासारखा हात काढून घेतला. 'मेलेल्या विरोधकाचंही मत ढापलं!' उद्याचा मथळा त्यांना डोळ्यांपुढे दिसला. खुर्ची गेली. गाडी गेली!

इतक्यात विधवेचे खांदे गदगदू लागले.

"आईला रडवलंत!" मुलगा गरजला.

"रडत्येय कोण मेल्या!" डोळे पुसत ती म्हणाली. ती हसत होती! "अरे, ह्यांनी हे ऐकलं असतं, तर पेटीतून उठून बसले असते भांडायला! हे गेल्यापासून जो येतो तो नुसते सुस्कारे सोडतो. हसले ती आत्ताच. बैस कॉर्मॅक, चहा घे. आमचा एकही उमेदवार अजून इकडे फिरकलेला नाही."

मुलाच्या बाह्या खाली आल्या. खोलीभर हशा पिकला. गिल्हूलींनी जवळची खुर्ची ओढून बसकण मारली. तो कडक, दुधाळ चहा त्यांना अमृतासारखा लागला. पण सवय वाईट! निघताना जीभ वळवळलीच.

"काकू, मग मतदानाच्या दिवशी..."

"मतपत्रिकेवर पहिल्या पसंतीचा आकडा आमच्या पक्षाला."

"आणि दुसरी?"

"दुसरीही आमच्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराला. तिसरी तुला. पण ह्यांच्यासमोर बोलू नकोस!"

विरोधकाच्या घरातून तिसरी पसंती! गिल्हूली गाडीत बसले ते निवडून आल्यासारखे. पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले.

"आता स्कॅनलनांकडे ना, साहेब?" नूलानं गाडी सुरू केली.

"हो. पण या वेळी आधी तू उतर," मंत्री हळूच म्हणाले, "आणि गेलंय कोण, ते नीट विचारून ये!"