शकुमावशीचा दहावा भाग

"माझं पाणी कुणी ओतलं? बाहेर या, एकेकाला बघतो!"

दुसऱ्या मजल्यावरचे सावंत टॉवेल गुंडाळून पॅसेजमध्ये ओरडत होते. डोळ्यांत साबण, हातात कोरडा तांब्या, शेजारी रिकामं पिंप. आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगमध्ये टँकरचं पाणी म्हणजे सोनं. ओतलेल्या त्या पाण्यात नालासोपाऱ्यापर्यंत होड्या गेल्या असत्या.

"मी ओतलं," खालून शकुमावशी आली. तळमजल्यावर तिचं पाळणाघर. "समजा, पोर जिना चढलं. समजा, पिंपावर चढलं. समजा, झाकण सरकलं."

"अहो मावशी, नऊ महिन्यांचं पोर दोन मजले चढून येणार?"

"समजा, आलं."

सावंत तसेच साबणासकट घरात गेले.

ही बाई मुळात अशी नव्हती. बावीस वर्षं तिच्या तोंडी एकच वाक्य होतं, "काही होत नाही." माझ्या केतकीने तिच्याकडे अख्खा खडू खाल्ला, तर म्हणाली, "काही होत नाही, कॅल्शियम असतं." ताप, खरचटणं, नाकात गेलेला वाटाणा, सगळ्यावर हाच उतारा. आम्ही आईबाप तिच्या त्या वाक्यावर विसंबून निर्धास्त नोकऱ्या करत होतो.

मग नियम आला. पाळणाघराला परवाना हवा, परवान्याला प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राला ऑनलाइन ट्रेनिंग. दहा भाग. लॅपटॉप माझा, कामही आता घरूनच, त्यामुळे बटणं दाबायला मी. दुपारी पोरं झोपली की आम्ही दोघं त्या पडद्यासमोर बसायचो. पडद्यातली मॅडम फार गोड. पोह्यांची कृती सांगावी तशा सुरात ती मूल कसकसं दगावू शकतं ते सांगायची. घशात अडकलेलं द्राक्ष. उघडा प्लग. बादलीच्या तळाशी राहिलेलं चार बोटं पाणी. पालथं झोपलेलं तान्हं. चौथ्या भागापर्यंत मीच द्राक्षं चिरून खायला लागलो होतो. मावशीने तर घरातल्या प्रत्येक प्लगला बँडेज बांधलं, गणपतीच्या माळेतले दिवे काढले आणि दर पाच मिनिटांनी झोपलेल्या पोरांच्या नाकाशी बोट धरायला सुरुवात केली. पोरं दचकून उठायची. उठली की तिला बरं वाटायचं.

दहाव्या भागाच्या शेवटी एक चौकोन आला. "सर्व धोके मला समजले आहेत" असं म्हणून त्यात खूण करायची. मुदत शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. नाही केली, तर सोमवारपासून पाळणाघर बंद.

मावशीने माऊसवरचा हात तव्याचा चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आधीच्यांचं काय, केतकीचे बाबा?"

"कोण आधीचे?"

"मी पोरांना अख्खी द्राक्षं दिलीत हो. बावीस वर्षं."

मी हसणार होतो. पण ती बोटांवर पोरं मोजायला लागली होती.

तिने आईबापांच्या नंबरांची जुनी डायरी काढली आणि फोन सुरू केले. "प्रथमेश का रे? मी शकुमावशी. जिवंत आहेस ना?" पुण्याच्या कंपनीतला साहेब मीटिंगमधून उठून "हो मावशी" म्हणाला. एक जण बोहल्यावर उभा होता, तो अंतरपाटामागून "आहे, आहे" म्हणाला. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा. केतकीला तर तिने उशी तोंडावर घेऊन झोपतेस का म्हणून दोनदा विचारलं.

शनिवारी दुपारी एकच नाव उरलं. मनवेलपाड्याचा सोहम. त्याचा फोन तीन दिवस बंद.

"तो पालथा झोपायचा," मावशी हळूच म्हणाली. "मी झोपू द्यायचे."

खूण ती करेना. पाच वाजायला आले तसा मी स्कूटर काढली. रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला जाईपर्यंत माझ्याही डोक्यात "समजा" सुरू झालं होतं. चाळीत पोचलो तर सोहमच्या दाराला कुलूप. मी ते दोनदा ओढून पाहिलं.

"कोण पाहिजे, अंकल?"

वर पाहिलं. शिडीच्या टोकावर दाढीवाला आडदांड गडी, दातांत वायर धरून शेजाऱ्याचा पंखा जोडत होता. हाच सोहम. मोबाइल पाण्यात पडलेला, दुरुस्तीला दिलेला. मी व्हिडिओ कॉल लावून फोन वर धरला.

मावशीने त्याला दाढीपासून पायापर्यंत न्याहाळलं.

"आधी ती वायर तोंडातून काढ," ती म्हणाली.

सोहमने काढली. "बोल ना मावशी, काय काम होतं?"

"काही नाही. उतर खाली."

मी परत आलो तेव्हा सहाला दहा कमी होते. तिने स्वतःच्या हाताने खूण केली. प्रमाणपत्र पडद्यावर आलं. तिने स्वतःचं नाव तीनदा वाचलं आणि पदराने पडदा पुसला. आत पोरं झोपली होती. ती उठून एकेकाच्या नाकाशी बोट धरून आली.

"एवढ्या सगळ्यांना फोन केलेत, मावशी," मी म्हणालो. "तुमची कुणी चौकशी केली का?"

"त्यांचं कुठे ट्रेनिंग झालंय," ती म्हणाली.