साडेपाचशे हातांवरच्या स्थानकाची हकीकत

श्री पादुका समर्थ. ज्यांस पाय आहेत त्यांणी चित्त देऊन ऐकावे, ज्यांस मोटारी आहेत त्यांणी सवडीने. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, माघ मासी राज्यात लोहरथ सुरू जाहला आणि नवेपुऱ्याच्या उगवतीस स्थानक उभे राहिले. मग पुऱ्याचे पंचप्रमुख अप्पासाहेब निरगुडे यांणी मोजणीदार विसोजीपंतांस पाचारण केले. पंतांनी नकाशा अंथरिला, पुऱ्याच्या मध्यावर एक टाचणी रोविली, स्थानकावर दुसरी रोविली, मध्ये सूत ताणिले आणि साडेपाचशे हात ऐसे लिहून दिले. अप्पासाहेब बहुत संतोषले आणि तो आकडा वेशीवर सोनेरी अक्षरांत कोरविला. स्वतः स्थानकास कधी गेले नाहीत.

त्या पुऱ्यात सगुणाबाई पारखी, वय एकाहत्तर, घरी एकट्या. धाकटी बहीण ठकूबाई, तीही एकटी, चार स्थानके पलीकडे जुनेपुऱ्यात राहे. लोहरथ आला तैसा उभयतांनी नेम धरिला, की गुरुवारी ठकूबाईने येऊन फलाटावरील बाकावर बसावे, सगुणाबाईंनी जावे, आणि डबे बदलून जेवावे. आपले रांधलेले त्या दिवशी आपण खायचे नाही. सहा दिवस स्वतःच्या हातचे खाल्ले म्हणजे सातवे दिवशी दुसऱ्या हातचे अळणीही गोड लागते. पुऱ्याच्या भिंतीत एक लहान दिंडी दरवाजा होता, त्यातून बाईंची चारशे बारा पावले होत. त्यांणी मोजिली होती. एकट्या माणसास मोजण्यास वेळ पुष्कळ. मग शेजारच्या वस्तीचे लोकही त्याच दिंडीने स्थानकास जाऊ लागले, आणि बागेत परक्यांच्या चपला वाजतात म्हणून पंचांनी बैठक केली, आणि दिंडीस कुलूप घातिले, आणि भिंतीवर काचा रोविल्या. राज्याने संतोषून नवेपुऱ्यास आदर्श पुरा ठरविले. आता वाट वेशीतून, नाल्यास वळसा घालून, पुलाखालून. पावले तीन हजार एकशे साठ, गुडघे पूर्ववत दोन. रिक्षावाला म्हणे, "आजी, समोर तर दिसतंय. एवढ्याला कोण येतं?"

मग सगुणाबाई दिंडी उघडण्याचा अर्ज घेऊन पंचांपुढे गेल्या. अप्पासाहेब बोलिले, "बाई, वेशीवर लिहिलंय की. साडेपाचशे हात."

"लिहिलंय खरं. पण मला अक्षरांवरून चालता येत नाही."

विसोजीपंत बोलिले, "सूत खोटं सांगत नाही, बाई."

"सुताला कुठं गुडघे आहेत, पंत?"

सभा हासली आणि अर्ज विचारार्थ ठेविला. तेव्हापासून ठकूबाईने गुरुवारी यावे, फलाटाच्या टोकास उभे राहून लाल रुमाल हालवावा, सगुणाबाईंनी गच्चीवरून हिरवा हालवावा, आणि फोन कानास लावून दोघींनी आपापला डबा उघडावा, ऐसे चालिले.

"आक्का, काय केलंस?"

"भरीत. तुझं?"

"शेपू."

"मेला तुझा तो शेपू. आण इकडं."

"कशी आणू? फेकू?"

मग हासणे होई, आणि जी ती आपलेच रांधलेले खाई. ऐसे गुरुवार एकेचाळीस गेले.

पुढे एके मंगळवारी अप्पासाहेबांची मोटार बिघडली आणि त्यांस परगावी लग्नास जाणे होते. "साडेपाचशेच तर हात," म्हणून पायी निघाले. नाला वळले, पुलाखाली घाम पुसिला, आणि पोहोचले तो लोहरथ डोळ्यांदेखत गेला. दुसरे दिवशी सकाळीच दिंडीचे कुलूप निघाले. बाईंच्या अर्जाचा उल्लेख कागदोपत्री आढळत नाही.

गुरुवारी सगुणाबाई दिंडीतून निघाल्या. पावले चारशे एकतीस भरली. वर्ष वाढले होते. बाकावर बसल्या. लोहरथ तीन आले, तीन गेले, लाल रुमाल उतरला नाही. मग फोन वाजला.

"आक्का, आमच्या पंचांनी काल आमची दिंडी बंद केली गं. तुमचा पुरा आदर्श ना, म्हणून. आता एवढा वळसा माझ्यानं होत नाही. मी गच्चीवर आहे."

"बस तिथंच," सगुणाबाई बोलिल्या आणि चौथ्या लोहरथात चढल्या. चार स्थानके गेली, जुनेपुरा आला, त्या उतरून फलाटाच्या टोकास गेल्या आणि हिरवा रुमाल हालविला. बंद दिंडीच्या भिंतीपलीकडे, एका गच्चीवर, लाल हालला.

"काय केलंस, आक्का?"

"शेपू. तुला आवडतो म्हणून."



"मी भरीत केलंय," ठकूबाई बोलिली.

मग दोघींनी डबे उघडिले आणि जेविल्या. भाजी बदलली, हात तोच राहिला.

एकंदर तपशील येणेप्रमाणे: दिंड्या दोन, पैकी उघडी एक. बहिणी दोन, डबे दोन. आदर्श पुरे आता दोन. विसोजीपंतांचे सूत अद्याप साडेपाचशे हातच भरते, त्यात तिळमात्र अंतर नाही.