पक्क्यांची निर्दोष बेल

"माझ्या हातची वायर एकदा पॅनलमध्ये गेली ना, की पुन्हा डोकं वर काढायची नाही. पक्कं काम!"

हे वाक्य ऐकून ऐकून कारखान्यातल्या लोकांनी त्यांचं नावच पक्के ठेवलं होतं. खरं आडनाव काय, हे त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. आणि माणूस बढाईखोर असला तरी खोटारडा नव्हता हो! जेट इंजिनाच्या पोटाभोवती पूर्वी वायरींचं जे जंजाळ लोंबायचं, ते आता पक्क्यांच्या विभागात कडक पॅनलच्या आतच घालत. कार्बनच्या काळ्या कापडाचे थर अंथरायचे, मध्ये चपट्या वायरी मांडायच्या, वर रेझिनचा चिकट रस पाजायचा आणि सगळं भट्टीत भाजून काढायचं. बाहेर येई ते काळंकुळकुळीत, दगडासारखं पॅनल. आत वायर आहे हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटू नये! अडचण एकच. एकदा भाजलं की उघडायची सोय नाही. आत काही चुकलं असेल तर थेट भंगारात. पक्क्यांचं एकही पॅनल आजवर भंगारात गेलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसलेले असतानाही सांगत.

पक्क्यांचे वडील, म्हणजे बाबा, यांचा उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेला. तोंड एकदा सुरू झालं की शेवटच्या स्टॉपपर्यंत बंद नाही. घरातही कंडक्टरकी चालूच! वाढणं पुरे झालं की ताटावर चमचा एकदा वाजवायचे, म्हणजे थांबा. पोरं दारात घोळ घालत उभी राहिली की दोनदा, म्हणजे निघा. पुढे पोरं मोठी झाली, बाबा रिटायर झाले आणि चमच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड राहिली नाही.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या ताब्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या. डोळे आणि डावा अंगठा.

डॉक्टरांनी पक्क्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "फार दिवस नाहीत. हाक मारता येत नाही, तेव्हा सतत कुणीतरी जवळ बसलेलं लागेल."

पक्क्यांची मोठी बहीण मुक्कामालाच आली. पक्के तिला ताई म्हणत, म्हणून बायकोही ताई म्हणे. बायको, ताई आणि पक्के आळीपाळीने बाबांजवळ बसू लागले. चार दिवसांत तिघांच्याही कमरा धरल्या.

"अरे, त्यांच्या अंगठ्याला दोरी बांधू," ताई म्हणाली. "दोरीला एखादी घंटी. ओढली की कळेल."

पक्क्यांना हे फारच लागलं. "दोरी? मी जेट इंजिनात वायर घालतो आणि माझ्या बापाच्या अंगठ्याला दोरी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! थांब तू. अशी बेल करतो की जगात कुठल्या आजारी माणसाकडे नसेल."

आणि केली हो! साहेबांची परवानगी काढली, वाया जाणारे कापडाचे तुकडे जमवले, भट्टीच्या कोपऱ्यात जागा मिळवली. पलंगाच्या कडेला बसेल असं हातभर लांबीचं पॅनल तयार झालं. डाव्या अंगठ्याखाली नेमकं येईल असं एक बटण. एक बेल स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत, एक गॅलरीत. वायर मात्र पलंगाजवळ औषधालासुद्धा दिसत नव्हती.

"दाबा बाबा!"

बाबांनी दाबलं. सगळं घर खणखणलं! बाबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं आणि पक्क्यांच्या डोळ्यांत पाणी. "आता काय हवं ते मागा. आम्ही हजर!" असं म्हणून ते डोळे पुसत खोलीबाहेर पडले.

बायकोही बाहेर पडली. ताईही पडली. का नाही पडायचं? आता जवळ बसायची गरजच उरली नव्हती! बायको निवांतपणे स्वयंपाकाला लागली, ताईला तिची मालिका परत मिळाली, पक्के गॅलरीत पेपर घेऊन बसले. खोलीत बाबा, पंखा आणि ते सुंदर काळं पॅनल, एवढेच राहिले.

ट्रिंग!

तिघंही धावले. बायकोच्या हातात झारा तसाच, ताईच्या एकाच पायात चप्पल. "काय बाबा? पाणी? उकडतंय? कूस बदलायची?" बाबा शांतपणे एकेकाकडे पाहत होते. काही नको होतं. तिघं वळले, दारापर्यंत गेले.

ट्रिंग!

तिघं परत. काही नाही. उंबरठा ओलांडला, की ट्रिंग! दूध उतू गेलं, भाजी करपली, ताईची मालिका ऐन भांडणात निसटली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे शेजारी पाण्याची बादली घेऊन दारात उभे. "आग लागलीय ना? कालपासून गजर ऐकतोय!"

कहर झाला तो डॉक्टर तपासायला आले तेव्हा. नाडी पाहिली, छाती पाहिली, "बरंय" म्हणून बॅग उचलून निघाले. ट्रिंग! परत आले, पुन्हा छाती पाहिली. निघाले. ट्रिंग! तिसऱ्या खेपेला ते जिन्यावरूनच ओरडले, "अहो, माणूस ठीक आहे! तुमची बेल बिघडलीय!"

बिघडलीय! पक्क्यांच्या बेलला बिघडलीय म्हणणारा माणूस जिवंत जिना उतरून गेला, हेच नवल.

"मीही तेच म्हणतेय," बायको म्हणाली. "आपण पाठ फिरवली की वाजते. आत कुठेतरी लूज असणार."

"लूज? माझ्या पॅनलमध्ये लूज?" पक्के लालबुंद झाले. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. चालल्याने जमीन हादरते, जमिनीने पलंग, पलंगाने पॅनल. इंजिनातही वायरीला खरी भीती हादऱ्याचीच. झालं, प्रयोग सुरू!

"दोघी पलंगाशेजारी उभ्या राहा. मी तीन म्हटलं की उड्या मारा."

"अरे, बाबा आजारी आहेत!" ताई म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय! एक, दोन, तीन!"

साठी ओलांडलेली ताई आणि गुडघेदुखीची बायको आजारी माणसाच्या उशाशी धपाधप उड्या मारू लागल्या. औषधाच्या बाटल्या नाचल्या, भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं. बाबा डोळे विस्फारून पाहत होते. किती दिवसांनी त्यांच्या खोलीत एवढी माणसं, एवढा वेळ होती! बेल काही वाजली नाही.

"आता चालत जा."

दोघी दाराकडे निघाल्या. ट्रिंग!

"पाहिलंत!" पक्के ओरडले. "उडीचा हादरा वेगळा, चालण्याचा वेगळा. शास्त्र आहे हे!"

"अहो, पण एकदा बाबांनाच विचारा ना," बायको दम खात म्हणाली.

पक्के पलंगावर वाकले. "बाबा, खरं सांगा. बेल तुम्ही दाबता का? दाबत असाल तर डोळे मिचकावा."

बाबांनी मुलाकडे पाहिलं. अख्ख्या बसला दरडावणारा तो माणूस. मला एकट्याला इथे भीती वाटते रे, हे तो कसं मिचकावून सांगणार? उतरायचा स्टॉप चुकला म्हणून भांडायला येणाऱ्या प्रवाशासमोर ते जसे डोळे मिटून घ्यायचे, तसे त्यांनी मिटून घेतले आणि मिटूनच ठेवले.

"झोपले," पक्के म्हणाले. "म्हणजे ते दाबत नाहीत. आता पॅनलची परीक्षाच घेतो. कारखान्यात नेतो, दूध का दूध होऊन जाईल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्क्यांनी पॅनलचे स्क्रू काढायला घेतले. बाबांचा अंगठा बटणावरून निघेना. पक्क्यांनी तो हळूच उचलून चादरीवर ठेवला, तर परत बटणावर! शेवटी पॅनल ओढून घ्यावं लागलं. बाबांच्या घशातून कसलासा आवाज आला.

"दुपारपर्यंत आणून देतो, बाबा. शब्द म्हणजे शब्द. पक्कं!"

आणि एक बेल पिशवीत टाकून, पॅनल खांद्यावर मारून पक्के निघाले.

कारखान्यात हादऱ्याचं एक टेबल होतं. त्यावर पॅनल आवळायचं आणि उडत्या इंजिनात बसतील तसे हादरे द्यायचे. टेबल सांभाळणाऱ्या बाईंना सगळे चाळणबाई म्हणत. त्या आजवर कुणाच्या पॅनलला चांगलं म्हणाल्या नव्हत्या. परीक्षेच्या खोलीत फोन न्यायला बंदी, म्हणून पक्क्यांनी फोन बाहेरच्या कपाटात ठेवला आणि पॅनलला बेल जोडली.

टेबल सुरू झालं. हळू हादरे, मग जोरात, मग असे की पक्क्यांच्याच दातांचा आवाज यायला लागला. बेल गप्प!

"झालं समाधान?" चाळणबाई म्हणाल्या.

"तापवून बघा. तापल्यावर लूज होत असेल."

तापवलं. गप्प. गोठवलं. गप्प. पुन्हा हादरवलं. गप्प! दुपार टळून गेली. पक्क्यांना शब्द दिल्याची आठवण झाली, नाही असं नाही. पण समोर पॅनल एकेक परीक्षा पास होत होतं आणि त्यांच्याच्याने तिथून हलवेना. मुलाचा निकाल ऐकायला बसलेल्या बापासारखे ते बसून राहिले.

अखेर चाळणबाईंनी टेबल बंद केलं. "एवढं निर्दोष पॅनल मी पाहिलं नाही. पण मग घरी का वाजत होती हो?"

"तेच ना! आपोआप वाजते."

"आपोआप काही वाजत नसतं. कुणीतरी दाबत असेल."

पक्के हसले. हसता हसता पॅनलचे बोल्ट सोडू लागले. अर्ध्यात त्यांचा हात थांबला. ट्रिंग, एकदा. नेहमी एकदाच. आणि नेहमी कुणी निघालं की. ताटावरचा चमचा त्यांना आठवला. एकदा म्हणजे...

उरलेले बोल्ट त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. कपाटातला फोनही न घेता ते घराकडे पळत सुटले.

जिना चढताना त्यांनी ठरवलं होतं की दारातूनच ओरडून सांगायचं. आणि सांगितलंही! "अगं, बेल बिघडलेली नाही! पॅनल निर्दोष आहे! बाबाच दाबत होते!"

घर माणसांनी भरलं होतं. बादलीवाल्या शेजाऱ्यांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचं पॅनल उतरवून घेतलं.

"किती फोन केले हो तुम्हाला," बायको म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

सांगितलं ते ताईने. "बेल नव्हती ना रे, म्हणून आम्ही दोघी जवळच बसलो. मी हात हातात घेतला होता. मी उठायला लागले की बाबा अंगठ्याने तळव्यावर एकदा दाबायचे. पुन्हा उठले, पुन्हा एकदा. मग माझी ट्यूब पेटली. थांब म्हणतायत! मग कसली उठतेय? सगळं सांगत बसलो. तू लहानपणी बसमध्ये झोपून डेपोत गेला होतास, ते सांगितलं. इतके हसले रे, अर्ध्या तोंडाने का होईना! सारखे दाराकडे बघत होते. येतोय म्हटलं, दुपारी येतो म्हणालाय. मग दोनदा दाबलं. मला वाटलं, बाबा म्हणतायत, जा आता, खा काहीतरी. मी उठले. पदर सावरून मागे बघते तर..."

पक्के पलंगाजवळ बसले. बाबांचा डावा अंगठा त्यांनी हातात घेतला, आणि तो दाबत राहिले. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा.

लोक आले, गेले. ताईही तिच्या घरी गेली. आलेल्यांपैकी कुणीतरी पॅनल हातात घेऊन म्हणालंच, "वा, काय काम आहे! एकही वायर दिसत नाही!" आजवर अशा वाक्यावर पक्क्यांचं अर्ध्या तासाचं भाषण व्हायचं. या वेळी ते पाणी प्यायला आत निघून गेले.

पुढे एका रविवारी बायकोने पाहिलं तर पक्के ते पॅनल पलंगाला परत बसवत होते. रिकाम्या गादीवर ते आडवे झाले, पंख्याकडे पाहत राहिले. ती घटकाभर काठावर बसली, मग कामं आठवली म्हणून उठली आणि दारापर्यंत गेली.

ट्रिंग!

ती गर्रकन वळली. "काय हो? काय झालं?"

पक्क्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"काही नाही," ते म्हणाले. "लूज असेल आत कुठेतरी."