सांगून पाय घालणारा सिद्रामप्पा

चेंडू काढून घेण्याआधी समोरच्याला तशी सूचना देणारा फुलबॅक मी आयुष्यात एकच पाहिला. आमचा सिद्रामप्पा. फॉरवर्ड जवळ येऊ लागला की हा लांबूनच ओरडायचा, "सांभाळ बाळा, पाय घालतोय बघ!" तो सहाफुटी देह अंगावर येताना पाहून निम्मे बाळ चेंडू तिथंच सोडून द्यायचे.

एकदा रेफरीनं दम दिला, "ओरडून घाबरवू नका."

अप्पा गंभीरपणे म्हणाला, "न सांगता घातला तर लागंल की, सायेब."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका मिलनं त्याला फुटबॉलसाठीच नोकरीवर ठेवला होता. मी त्याच मिलमध्ये कारकून आणि संघाचा गोली. माझ्यापर्यंत चेंडूच येत नसल्यामुळं मी उत्तम गोली समजला जाई.

खेळाडूंत अप्पा भलता लाडका. बाहेरगावचे संघही आल्याआल्या विचारत, "अप्पा हाय न्हवं?" कारण ज्याला पाडलं असेल त्याचे पाय तो सामन्यानंतर स्वतः तेल लावून चोळायचा, वर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घालायचा. काहीजण मुद्दाम पडत, असा माझा संशय आहे.

मग कुर्डुवाडीच्या संघाशी सामना झाला. प्रेक्षकांत कुणीतरी हलगी आणली होती. त्या कडकडाटात त्यांच्या फॉरवर्ड युसुफला अप्पाची सूचना ऐकूच गेली नाही. पाय मोडला. दवाखान्यात प्लास्टर झाल्यावर अप्पा म्हणाला, "ह्याला घरी मी पोचवणार." मलाही सोबत ओढलं. कुर्डुवाडी स्टेशनपासून घरापर्यंत त्यानं युसुफला पाठुंगळी घेतलं.

दारात युसुफची अम्मा उभी. अप्पानं मान खाली घातली. "अम्मा, म्या केलं हे."

"पोरांचे पाय मोडायचा पगार मिळतो का रे तुला?"

"व्हय अम्मा. मिल देती."

अम्मानं मराठीत सुरुवात केली. राग त्यात मावेना तेव्हा ती उर्दूत शिरली. एवढा घोडा झालास, अक्कल कुठं ठेवलीस, शर्टाचं बटण कुठं गेलं, आणि जेवलास का, सगळं एका दमात. मग आम्हा दोघांना समोर बसवून जेवू घातलं. वाढतानाही तोंड चालूच होतं.

परतीच्या गाडीत अप्पा शर्टाच्या तुटक्या बटणाच्या जागी बोट फिरवत बसला. मी समजूत घातली, "म्हातारं माणूस. मनावर घेऊ नका."

"तसं न्हाय हो," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आय गेल्यापास्नं मला कुणी रागं भरलंच न्हाय. सगळी नुसती अप्पा अप्पा करत्यात."

युसुफ पुढच्या हंगामात पुन्हा पळू लागला. तरी सुट्टी आली की अप्पा कुर्डुवाडीची गाडी धरायचा. "युसुफचा पाय बघून येतो," म्हणायचा. एकदा तर युसुफ सोलापुरात आमच्याकडं आलेला होता. तेव्हाही गेला.