आठ जागा, अकरा माणसं

सकाळी नऊ वाजता बुकिंगबाईंनी काउंटरमागून माणसं मोजली, ती अकरा भरली. चष्मा पुसून पुन्हा मोजली. अकराच. कागदावर पाच होती आणि बाहेर उभ्या असलेल्या विमानात जागा होत्या आठ.

"तुम्ही पाच जण म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

"पाचच आहोत," थोरला मुलगा म्हणाला. "बाकीचे सोडायला आलेत."

सोडायला आलेल्यांपैकी प्रत्येकाच्या हातात बॅग होती. एकाने तर गळ्याभोवती फुगवायची उशीही घालून ठेवली होती. पस्तीस मिनिटांच्या प्रवासासाठी.

विमानतळ एवढासा. एक धावपट्टी, एक आगीचा बंब, एक कँटीन आणि दुपारी चारला बंद होणारा एक नियंत्रण मनोरा. नेहमीचं विमान आठवड्यातून दोनदा यायचं. उरलेले दिवस भाड्याने विमान देणाऱ्या कंपनीचे, आणि कंपनी म्हणजे एक काउंटर, एक फोन आणि बुकिंगबाई. त्यांचं खरं नाव कंपनीच्या साहेबांनाही पगारपत्रक बघून सांगावं लागलं असतं. नऊ वर्षांत बाईंनी पुष्कळ पाहिलं होतं. वाटेत पाच मिनिटं थांबवाल का, असं विचारणारे पाहिले होते. सासूच्या घरावरून एक फेरी मारा आणि जरा आवाज करा, असं सांगणाराही पाहिला होता. त्यामुळे आपली आता कशानेही चिडचिड होत नाही, असा त्यांचा समज होता. तो साडेनऊपर्यंत टिकला.

आजचं काम तसं साधं होतं. थोरल्याचा रबरी वॉशर बनवायचा कारखाना. त्याची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आईची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या शहरात राहायची आणि दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. गेल्या आठवड्यात बहिणीचा अचानक फोन आला. "डोळ्यांचं ऑपरेशन आहे. बरं झालं तर झालं. त्याआधी तुला एकदा नीट बघून घेते." आईने फोन ठेवला आणि म्हणाली, मला जायचंय. घाटातून चार तास गाडीत बसणं तिच्या कमरेला झेपणारं नव्हतं, म्हणून थोरल्याने विमान ठरवलं. इथवर सगळं छान होतं. मग त्याने ही गोष्ट घरी सांगितली.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "आठ जण बसू शकतात. त्यातले आठ कोण, ते ठरवा. आणि प्रत्येकाचं वजन इथं लिहा."

"वजन?" थोरली सून म्हणाली. "कशाला?"

"विमान लहान आहे. कॅप्टनना हिशेब करावा लागतो."

माणसं वय लपवतात म्हणतात, ते उगाच. वय सांगतात, वजन सांगत नाहीत. सुनेने अठ्ठावन्न लिहिलं. मुलीने ते वाचलं आणि स्वतःपुढे छप्पन्न लिहिलं. जावयाने विचारलं, "बुटांसकट की बुटांशिवाय?" धाकट्याचे सासरे म्हणाले, "मी वजनावर विश्वास ठेवत नाही." त्यांना त्या शहरात एका डॉक्टरला तब्येत दाखवायची होती आणि आयतं विमान चाललंय, तर कशाला सोडा, असा त्यांचा विचार होता.

कॅप्टन उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारा माणूस. त्याने यादी पाहिली, मग माणसं पाहिली, मग पुन्हा यादी पाहिली.

"बाई, ही माणसं कुठली? ही यादीतली नाहीत."

"यादीतलीच आहेत."

"मग काट्यावर घ्या."

सामानाचा काटा विमानाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी होता, सगळ्यांना आकडा दिसेल असा. सून म्हणाली, पडदा लावा. पडदा नव्हता. शेवटी बाईंनी कंपनीचा जाहिरातीचा फलक आडवा धरला. त्यावर 'आकाश तुमचंच आहे' असं लिहिलं होतं आणि त्यामागून एकेक जण काट्यावर चढत होता. बाई आकडा कॅप्टनच्या कानात सांगत होत्या. जावई मात्र मोठ्याने म्हणाला, "सत्त्याण्णव! घरचा काटा ब्याण्णव दाखवतो." बायको म्हणाली, "घरचा काटा तू भिंतीला धरून वापरतोस."

आई चढली ती हातात एक गाठोडं घेऊन. आकडा पाहून बाई चकित झाल्या.

"आजी, यात काय आहे?"

"शिलाई मशीन. वरचा भाग नुसता. पाय घरी ठेवलेत."

अकरा वर्षांपूर्वी भांडण झालं होतं ते याच मशीनवरून. दोघी बहिणींच्या आईच्या माघारी ते थोरलीने, म्हणजे आजींनी, नेलं होतं.

"आई, चौदा किलो आहे ते," थोरला म्हणाला. "पाठवून देऊ आपण नंतर."

"मशीन जाईल तर मी जाईन."

या सगळ्यात दहा वाजत आले. ऊन तापू लागलं होतं. कॅप्टन बाहेर जाऊन आला आणि त्याने एक चिठ्ठी काउंटरवर ठेवली. त्यावर फक्त '७' लिहिलं होतं.

"आठ होते ना?" बाई म्हणाल्या.

"नऊला होते. हवा तापली की पातळ होते. पंखांना आधार कमी मिळतो, आणि आपली धावपट्टी आखूड. जितकं ऊन, तितकी माणसं कमी." आयुष्यात एका दमात तो बहुधा पहिल्यांदाच एवढं बोलला असावा. "लवकर ठरवा."

बाईंनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. "तुम्ही जितका वेळ भांडाल, तितक्या जागा जातील. आत्ता सात आहेत. आत्ता म्हणजे आत्ता."

हे ऐकून सगळे एकदम भांडू लागले.

थोरला म्हणाला, विमान मी ठरवलंय. धाकटा म्हणाला, आईला इन्सुलिन मी टोचतो, तुला सुई धरता येते का? मुलगी म्हणाली, दोन बहिणींचं मिटवायचं तर मध्ये मुलगी हवी, मुलं काय कामाची? सून म्हणाली, मी पंधरा दिवसांपूर्वी डोकं दुखत असताना आईंसाठी तीन तास रांगेत उभी होते. याचा विमानाशी काय संबंध, असं मुलीने विचारलं आणि मग तो संबंध बराच वेळ सांगितला गेला. साडेदहाला चिठ्ठी आली, '६'.

मावशीचे फोन तर दहाच्या आधीच सुरू झाले होते. ते काउंटरच्या फोनवर यायचे, कारण घरच्या कुणाचाही फोन मोकळा नव्हता.

"निघाले का?"

"निघतायत, मावशी. अर्ध्या तासात."

"हे तुम्ही मघाशी पण सांगितलंत."

"मघाशी पण अर्धा तासच होता."

दहाला आलेल्या तिसऱ्या फोनला मावशी नुसतं "बरं" म्हणाल्या आणि ठेवून दिला.

सव्वाअकराला '५'. ही चिठ्ठी पाहून जावयाने सुचवलं की पाण्याचा बंब आहे तर धावपट्टीवर पाणी मारून ती गार करा. कॅप्टनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याने जावई जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि यादीतून एक माणूस आपोआप कमी झाला. बाईंना वाटलं, कॅप्टनने असंच एकेकाकडे पाहिलं तर किती बरं होईल.

बाराला साहेबांचा फोन आला. "उडालं का?"

"नाही, साहेब. जागा कमी होतायत."

"जागा कशा कमी होतील? खुर्च्या काढल्यात का कुणी?"

बाईंनी ऊन, हवा, पंख, मशीन, सून असं सगळं सांगितलं.

"ते मला काही माहीत नाही. या महिन्यातलं पहिलं बुकिंग आहे. काहीही करा, पण त्यांना उडवा."

उडवायची इच्छा बाईंनाही होती, पण साहेबांच्या मनातला अर्थ वेगळा होता.

प्रतीक्षागृहातला पंखा गरम हवाच फिरवत होता. आजी घामाघूम होऊन बसल्या होत्या, मांडीवर चौदा किलो लोखंड. बाईंना राहवलं नाही. त्यांनी आजींचा हात धरला, गाठोडं बंबवाल्याच्या हाती दिलं आणि त्यांना गाठोड्यासकट नेऊन विमानात बसवलं. बाहेरून वीज जोडलेली असल्याने आत गारवा होता. मऊ खुर्च्या, पायाखाली गालिचा.

"हे किती छान आहे," आजी म्हणाल्या. "उडालं का?"

"नाही अजून."

"असू दे. घाई नाही."

दिवसभरात "घाई नाही" म्हणणारं हे पहिलं माणूस. बाईंचे डोळे भरून यायचे तेवढे राहिले.

परत आल्या तर '४' ची चिठ्ठी येऊन पडली होती आणि धाकटा थोरल्याशी बोलत नव्हता. दीडला '३'. तोवर धाकटा मुलीशीही बोलत नव्हता आणि त्याचे सासरे कँटीनमध्ये झोपले होते. अडीचला कॅप्टनने चिठ्ठी ठेवली नाही. त्याने दोन बोटं दाखवली.

"दोन माणसं. आणि तीन दहापर्यंत. मग तिकडे सोडून पाचच्या आत विमान मुक्कामाच्या तळावर न्यायला मला वेळ नाही. आणि इथला मनोरा चारला बंद."

"एक आजी," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण?"

सगळे पुन्हा तोंड उघडणार, एवढ्यात बाईंनी काउंटरवर हात आपटला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "बास! थोरले जातील. इन्सुलिनची सुई कशी टोचायची ते धाकटे त्यांना आत्ता दाखवतील. बाकीच्यांनी बसा. जागेवर!"

बाकीचे खरंच बसले. आपला आवाज एवढा चालतो हे कळायला आपल्याला दोन पस्तीस का व्हावे लागले, याचा बाईंना भयंकर संताप आला.

सुई शिकण्यात वीस मिनिटं गेली, कारण थोरल्याला सुई बघून चक्कर आली. तो पाणी पिऊन, घाम पुसून विमानाकडे निघाला आणि त्याच वेळी दारापाशी एक टॅक्सी थांबली. तिच्यातून काळा चष्मा लावलेली एक बारीकशी म्हातारी उतरली. हातात पिशवी, बसचं तिकीट अजून मुठीत.

"विमानाचं बुकिंग करणाऱ्या बाई कुठं आहेत?" तिने भिंतीला विचारलं.

"मी," बाई मागून म्हणाल्या.

"अर्ध्या तासात निघतायत म्हणालात. मी म्हटलं, यांच्या भरवशावर बसले तर ऑपरेशन होऊन जाईल. साडेदहाची बस धरली. कंडक्टर चांगला होता, पुढची जागा दिली." मावशीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "माझी बहीण कुठं आहे?"

बाईंनी मावशीला हाताला धरून शिडीवर चढवलं. आत आजी डुलक्या घेत होत्या. जाग आल्यावर त्यांनी पाहिलं आणि त्या सरळ होऊन बसल्या. मावशीने काळा चष्मा काढला, नाकाला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"म्हातारी झालीस," ती म्हणाली.

"तुला काय दिसतंय डोंबल!" आजी म्हणाल्या. "हे घे. तुझं मशीन."

"मला दोरा ओवता येत नाही आता. काय करू त्याचं? ठेव तूच."

"अकरा वर्षं भांडलीस आणि आता नको?"

"तेव्हा दिसत होतं."

मग दोघी एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता मावशी खुर्चीत बसली. "अगं, किती मऊ!" शिडीवर उभ्या असलेल्या थोरल्याला काय करावं सुचेना.

कॅप्टन पुढून आला. "तीन वाजून आठ मिनिटं. निघायचं का?"

"कुठं?" आजी म्हणाल्या. "जिला भेटायला जायचं, ती इथं आली."

"मग उतरा."

"का? बाहेर ऊन आहे."

कॅप्टनने बाईंकडे पाहिलं. जावयाकडे पाहिलं होतं, अगदी तसंच. पण सकाळपासूनच्या गोंधळानंतर बाईंच्या अंगात काही शिल्लकच नव्हतं, त्यामुळे परिणाम झाला नाही. "पैसे भरलेत त्यांनी," त्या म्हणाल्या. "बसू द्या."

दोघी अर्धा तास बसल्या. कोण वारलं, कोण परदेशी गेलं, कुणाची गुडघेदुखी जास्त, सगळं झालं. मग घरचे दोघादोघांनी आत येऊन बसून गेले. सुनेने खिडकीतून हात हलवला, मुलीने तिचा फोटो काढला, धाकटा आणि थोरला एकाच खुर्चीच्या दोन हातांवर टेकले. सासऱ्यांना उठवून आणलं, त्यांनी उशी लावून पाच मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाले, प्रवास उत्तम झाला. चारला पाच कमी असताना सगळे उतरले आणि कॅप्टन रिकामं विमान घेऊन मुक्कामाच्या तळाकडे एकटाच उडाला. इतका हलका, की अर्ध्या धावपट्टीतच वर गेला.

बाईंनी नोंदवहीत लिहिलं. उड्डाण शून्य मिनिटं. प्रवासी बारा. मग साहेब उद्या काय म्हणतील, याचा विचार करत घरी गेल्या आणि न जेवता झोपल्या.

सकाळी काउंटरचा फोन वाजला. बाईंनी मनाची तयारी करून उचलला. साहेब नव्हते, कुणी अनोळखी बाई होती.

"काल आमच्या शेजारच्यांनी तुमच्याकडून विमान घेतलं होतं ना? फार खूश आहेत ते. आम्हालाही हवंय, पुढच्या रविवारी."

"कुठं जायचंय?" बाईंनी पेन उचललं.

"नाही, नाही. ते कालचं. न उडणारं."

बाईंनी नवं पान उघडलं, 'कुठून' आणि 'कुठे' हे दोन्ही रकाने आडवी रेघ मारून खोडले आणि शांतपणे विचारलं, "किती वेळ बसणार?"